वेरूळचं कैलास लेणं माणसांनीच खोदलंय

'4 लाख टन दगड 18 वर्षांत काढणं माणसाला अशक्य, आणि तो दगड गेला कुठे? म्हणजे हे परग्रहवासीयांचंच काम!' वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्याबद्दल हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. लेणं पाहिल्यावर असं वाटणं स्वाभाविक आहे, इतकं ते भव्य आहे.

पण संदेशातले आकडेच खरे धरून हिशोब मांडा. समजा 2000 माणसं, वर्षाला कामाचे 300 दिवस, अशी 18 वर्षं. माणशी रोजचा वाटा येतो साधारण 37 किलो. मेहनतीचं काम आहे, अशक्य मुळीच नाही. शिवाय खोदकाम कळसापासून खाली येत गेलं, त्यामुळे उंच परांच्या बांधायची गरज फारशी नव्हती.

राहिला दगड. फोडलेला बेसाल्ट भरावाला, बांधकामाला चालतो. बाराशे वर्षांनंतरही त्याचा ढीग तिथेच असावा, अशी अपेक्षा का धरायची?

प्रत्यक्ष गेलात तर प्रांगणाभोवतीच्या उभ्या कातळभिंती तिरप्या उजेडात बघा. छिन्नीच्या खुणा दिसतात. मग अजिंठ्याचं अर्धवट राहिलेलं 24 क्रमांकाचं लेणं बघा. काही खांब घडवलेले, काही नुसते ओबडधोबड ठोकळे. काम कसं पुढे सरकायचं ते तिथे उघडं पडलंय. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर कैलासच्या थोडंच आधीचं, आणि दोन्हींच्या रचनेतलं साम्य लगेच जाणवतं. ही कला आकाशातून उतरली नाही, दख्खनच्या पाथरवटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली. त्यांचं श्रेय त्यांनाच मिळायला हवं.