चेन, चिंधी आणि चेतक

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक तरी गाडी डबल स्टँडवर चढलेली असते. मालक चेन साफ करायला उकिडवा बसलेला, शेजारी बाटलीत थोडं डिझेल, जुना टूथब्रश आणि फाटक्या बनियनची चिंधी. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा असाच बसला होता. त्याने गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, मागचं चाक आपोआप फिरायला लागलं आणि त्याने चिंधी धरलेला हात चेनला लावला. चेनच पुढे सरकत राहणार, आपण नुसता हात धरायचा, अशी युक्ती. मी ओरडलोच. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "काका, आयडलिंगलाच आहे. किती हळू फिरतंय बघा ना."

हळू फिरत होतं, हे खरं. किती हळू, त्याचा हिशेब नंतर आम्ही त्याच्याच मोबाइलवर मांडला. शंभरेक सीसीची नेहमीची गाडी धरा. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेतं. क्लचजवळची गिअरची जोडी आणि पहिला गिअर मिळून हा वेग दहापटीच्या आसपास उतरतो, म्हणजे इंजिनाजवळचं छोटं स्प्रॉकेट, चेन ज्यावर चढते ते दातेरी चाक, मिनिटाला १४० वेळा फिरतं. त्याला दात १४, मागच्याला ४२. म्हणून मागचं चाक मिनिटाला जेमतेम ४७ फेरे. सेकंदाला एक फेरासुद्धा पुरा नाही. डोळ्याला हे गरीब वाटणारच.

आता चेनकडे बघा. एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे बरोबर अर्धा इंच. मिनिटाला १४० फेरे गुणिले १४ दात, म्हणजे १,९६० कड्या. लांबीत मोजलं तर सेकंदाला ४१ सेंटिमीटर. काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना दिसून हात मागे यायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चेन १० सेंटिमीटर गेलेली असते, म्हणजे आठ दात. हात ओढून घ्यायचा हुकूम बोटापर्यंत पोहोचतो तेव्हा बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये असतं.

आणि ओढ किती? गिअरबॉक्सचा नियम साधा आहे: वेग दहापट उतरवला की पीळ जवळजवळ दहापट वाढतो. बंद पडण्याआधी इंजिनाने फक्त ३ न्यूटन-मीटर जोर लावला असं धरलं, तरी पुढच्या स्प्रॉकेटवर ते ३० होतात. त्या स्प्रॉकेटची त्रिज्या तीन सेंटिमीटरपेक्षाही कमी. भागाकार केला की चेनवरची ओढ हजार न्यूटनच्या वर जाते. ज्वारीचं शंभर किलोचं पोतं चेनला टांगल्यासारखं. पहिल्या गिअरमध्ये चाक सगळ्यांत हळू फिरतं आणि नेमकं तिथेच ते सगळ्यांत ताकदवान असतं. शिवाय इंजिनात फिरणाऱ्या जड चकत्यांमध्ये साठलेली गती असते ती वेगळीच. बोट अडकलं म्हणून इंजिन लगेच बंद पडत नाही.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे रसवंती. चरकात ऊस ढकलावा लागत नाही. टोक लागलं की चरक तो स्वतःच ओढून घेतो. दोन फिरत्या गोष्टी जिथे एकमेकींकडे येतात ती जागा चावते, आणि जिथे त्या एकमेकींपासून सुटतात ती जागा चावत नाही. गाडीवर अशा जागा कुठे, हे चाकाच्या दिशेवर ठरतं. चाक पुढे फिरत असेल तर चेनची वरची बाजू इंजिनाकडे जाते आणि खालची बाजू मागे येऊन मोठ्या स्प्रॉकेटमध्ये शिरते. आपण पुसतो ती खालची बाजू, कारण तिथे हात पुरतो. म्हणजे चिंधी घेऊन आपण बरोबर चरकाच्या तोंडाशी बसलेले असतो. त्यात चिंधी बोटापेक्षा वाईट. बोट निसटू शकतं. सुती कापड दातात गेलं की फाटत नाही, हातालाच घेऊन जातं. सैल हातमोज्यांचंही तेच.

मला वाटतं, ही खोड सायकलमुळे लागली. पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हा पायजम्याला क्लिप लावायची आणि पडलेली चेन बोटांनी चढवायची, हे लहान मूलसुद्धा करायचं. ऑईलने काळी झालेली बोटं मिरवायची. पण सायकलचं पेडल फिरवणारा हात आपलाच असतो. बोट चेंगरलं की दुसरा हात थांबतो. मोटारसायकलला तो दुसरा हात नसतो. आमच्या जुन्या गॅरेजवाल्यांचं एक बोट पहिल्या पेराशीच संपतं. कसं गेलं विचारलं की ते इतकंच म्हणतात, "गाडी चालू होती."

मग करायचं कसं? इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल. एका हाताने टायर धरून चाक उलटं, म्हणजे मागच्या दिशेने फिरवायचं. आता चेनची खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडत पुढे जाते. खालच्या बाजूचं चावणारं तोंड पुढे, इंजिनाच्या कव्हरखाली गेलं. ब्रश खालच्या बाजूला, मधोमध. चाक जोरात भिरकावून द्यायचं नाही. गती मिळालेलं चाकही इंजिन नसताना बोट चेंगरू शकतं. दोन वीत फिरवलं, थांबलं, पुसलं. वीस मिनिटं लागतात, इंजिन चालू ठेवून पाच. त्या पंधरा मिनिटांच्या नफ्याची किंमत गॅरेजवाल्यांच्या बोटाला विचारा.

"पण एवढं पुसायचंच कशाला?" हा त्या मुलाचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

आपण चेन म्हणतो ती नुसती कड्यांची माळ नाही. हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या स्विस इंजिनिअरने १८८० मध्ये हिची रचना बसवली आणि ती जवळजवळ तशीच आपल्या गाडीखाली फिरते आहे. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्यावर पोकळ नळीसारखं बुश आणि त्या बुशवर मोकळा फिरणारा रोलर. दात रोलरला भेटतो तेव्हा घासत नाही, रोलर लोळतो. खरी झीज आत होते, पिन आणि बुश यांच्या मध्ये, जिथे आपली नजर पोहोचत नाही. ताम्हिणी घाटातून भर जुलैत जाऊन या. लाल चिखलातली बारीक वाळू तेलात मिसळून तिथे जाऊन बसते आणि पॉलिश पेपरचं काम करते.

चेन "ताणली" असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलेलं नसतं. समजा चेनला ११८ कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली. कागदाच्या जाडीएवढी. बेरीज ११.८ मिलिमीटर, जवळजवळ एक अख्खी कडी! कड्यांमधलं अंतर वाढलं की त्या दातांच्या खोबणीत नीट बसत नाहीत, दाताच्या माथ्याकडे चढतात, आणि दात कोयत्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसू लागतात. असे दात दिसले की नुसती चेन बदलून भागत नाही. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेटच टाकायचा, नाहीतर जुने दात नव्या चेनला महिन्याभरात आपल्यासारखं करून टाकतात. महागड्या गाड्यांच्या चेनमध्ये आतलं ग्रीस रबरी कड्यांनी कोंडलेलं असतं. तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये, रबर गेलं की ग्रीसही गेलं.

उलट चूकही होते, आणि ती आपण हौसेने करतो. "खडखडतेय, जरा टाइट करून दे." चेनला ढील लागतेच. मागचं चाक ज्या दांड्यावर वरखाली होतं त्याचा बिजागरीचा बिंदू आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य एका जागी नसतात. त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. हे दोन बिंदू आणि मागच्या चाकाचा मध्य एका रेषेत येतात तेव्हा ते सगळ्यांत जास्त. रिकामी गाडी स्टँडवर असताना वीणेच्या तारेसारखी ताणलेली चेन, दोघं बसून पुण्यातला एखादा बिननावाचा स्पीडब्रेकर आला की गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. अनेक गाड्यांना मधोमध दोनेक बोटं, म्हणजे २५ ते ३० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर मिळतो. चेनला जोडणारी माशाच्या आकाराची क्लिप, जिला सगळे चेन लॉक म्हणतात, तिचं बंद तोंड चेनच्या जाण्याच्या दिशेला हवं. उलटी बसवली आणि कशाला तरी घासली की ती उघडते. चालत्या गाडीवर तुटलेली चेन पुढे गोळा होऊन चाक अडकवू शकते किंवा इंजिनाचं कव्हर फोडते.

एवढं ऐकून मुलाने मोबाइलवर शाफ्टवाल्या गाड्या शोधायला सुरुवात केली होती.

मोह समजण्यासारखा आहे. शाफ्ट ड्राइव्ह म्हणजे चेनच्या जागी एक पोलादी दांडा, बंद नळीत. टोकाला तिरप्या दातांची गिअरची जोडी, जी फिरण्याची दिशा काटकोनात वळवून चाकाला देते. सगळं तेलात बुडालेलं. चिखल नाही, चिंधी नाही, पँटवर काळे शिंतोडे नाहीत. ठरावीक किलोमीटरला तेल बदललं की झालं. कल्पना नवी नाही. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०५ मध्येच चार सिलिंडरची शाफ्टवाली मोटारसायकल आणली होती. बीएमडब्ल्यूची १९२३ मधली पहिली मोटारसायकल, आर ३२, हीसुद्धा शाफ्टचीच. तिथे ते साजून दिसलं, कारण तिचे सिलिंडर दोन बाजूंना आणि क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत होता. शक्तीला एकदाच काटकोनात वळावं लागे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा क्रँक आडवा असतो. तिथे शाफ्ट बसवायचा तर दोनदा वळवा, दोन्ही वळणांवर थोडी थोडी शक्ती घालवा.

नीट तेल दिलेली चेन इंजिनाची ९७-९८ टक्के शक्ती चाकापर्यंत नेते, आणि या बाबतीत शाफ्ट तिच्या मागेच राहतो. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर मात्र पेट्रोलच्या बिलात आणि कात्रजच्या चढावर जाणवेल. वजन वाढतं, तेही नेमकं चाकाजवळ, जिथे वाढलेला प्रत्येक किलो खड्ड्यात सस्पेन्शनला जड जातो. शाफ्टची एक गंमतही आहे. ॲक्सिलेटर पिळला की छोटा गिअर मोठ्या गिअरवर चढू बघतो आणि गाडीचं बूड वर उचललं जातं. सोडला की खाली बसतं. वळणावर मध्येच ॲक्सिलेटर सोडणाऱ्याला हे चांगलंच कळायचं. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये पॅरालिव्हर नावाची जोडदांड्याची रचना आणून त्यावर बराचसा उतारा शोधला. पण तिरप्या दातांचे गिअर आणि सांधे स्वस्तात बनत नाहीत, आणि कधी बिघडले तर नाना पेठेत दुपारी जाऊन सेट आणला आणि संध्याकाळी बसवला, असं होत नाही.

तरी पुण्याच्या माणसाने चेन नसलेल्या गाडीचं अप्रूप वाटून घ्यावं, हे मला जरा विनोदी वाटतं. आकुर्डीत बजाजने १९७२ पासून बनवलेली चेतक आठवा. तिला चेन नव्हती, बेल्ट नव्हता, लांब शाफ्टही नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या चाकाच्या कुशीलाच, आणि चाक थेट गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांड्यावर. शक्तीला जायला जागाच ठेवली नव्हती, मग वाटेत काय बिघडणार? किंमत दुसरीकडे मोजावी लागे: सगळं वजन उजवीकडे आणि मागे, आणि खड्ड्यात चाकासोबत इंजिनही नाचायचं. सकाळी स्कूटर आडवी करून सरळ करणं आणि मग किक मारणं हा विधी ज्यांनी केला आहे त्यांना तिचे गुणदोष वेगळे सांगायला नकोत. पण पंधरा-वीस वर्षं चेतक वापरलेल्या आमच्या वडिलांना "चेन साफ करायची असते" हे वाक्य माहीतच नव्हतं. आणि खऱ्या शाफ्टचा अनुभव घ्यायचा असेल तर मागे इंजिन असलेल्या रिक्षात बसा. आखूड शाफ्ट आणि त्यांचे सांधे दोन्ही मागच्या चाकांना फिरवत असतात. मीटरने आला तर आणखी बरं.

माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला उत्तर शाफ्ट नाही, झाकलेली चेन आहे. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या गाडीला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं पूर्ण कव्हर असतं. आत चिखल जात नाही, बाहेरून बोट जात नाही, ओढणीही जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकावा लागतो. साडी गार्ड म्हणतो ते हेच. एका बाजूला पाय टाकून बसणारी बाई डावीकडे तोंड करून बसते आणि बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच असते. तरी गाडी जरा "स्पोर्टी" झाली की पहिल्यांदा कव्हर उतरतं, आणि शोरूममधून बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवशी साडी गार्ड.

त्या मुलाला घेऊन मी नाना पेठेत गेलो होतो, त्याच्या गाडीला पूर्ण कव्हर मिळतं का बघायला. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकलं आणि हसला. "तिला येत नाही हो. आणि आलं तरी लावू नका, दूधवाल्याची दिसेल." शेवटी तिन्ही बाजूंनी केस असलेला चेनचा ब्रश घेऊन परत आलो. आता रविवारी तो इंजिन बंद ठेवून चाक उलटं फिरवतो. किल्ली मात्र अजून गाडीलाच लटकत असते; जाताजाता ती मी काढून त्याच्या शेजारी डिझेलच्या बाटलीजवळ ठेवतो.