कोरी चौकट

वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली एक फांदी, जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली. कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे मिळाली, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी तोडली. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तोही लिहून ठेवलेला. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं, कपाट उघडलं की अशा कागदांची चळतच्या चळत दिसते. इटलीतल्या लुका घिनी यांनी सोळाव्या शतकात रुजवलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच चालू आहे, आणि जगभरात मिळून असे सुमारे ४० कोटी नमुने जपलेले आहेत.

हे कागद जमवले ते झाडं ओळखण्यासाठी. पण चिठ्ठ्यांवरचा मजकूर संगणकात उतरू लागला, तेव्हा त्यांतून वेगळंच काही वाचता येऊ लागलं: माणसं कुठे गेलीच नाहीत.

रीत सोपी आहे. नकाशावर सारख्या मापाच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक नमुना त्याच्या जागी ठिपका म्हणून मांडायचा. ठिपके पडतात ते रस्त्यांच्या कडेने, नद्यांच्या काठाने, संशोधन केंद्रांच्या आसपास. म्हणजे हा नकाशा झाडांचा कमी आणि झाडं शोधणाऱ्यांच्या पायांचा जास्त! ॲमेझॉनच्या ब्राझीलमधल्या भागात तर याने मोठीच फसगत केली होती. काही ठिकाणी स्थानिक, इतरत्र न आढळणाऱ्या जाती फार दिसत, आणि हिमयुगात जंगल तिथेच तगून राहिलं असावं याचा तो पुरावा मानला जाई. १९९० साली संशोधकांनी त्यावर नमुन्यांची घनता ठेवून पाहिली. जिथे जाती जास्त, तिथे मुळात गोळाच जास्त केलं गेलं होतं.

तेव्हा नुसते ठिपके मोजून भागत नाही. समजा, दोन चौकटींतून प्रत्येकी १०० नमुने आले आहेत. पहिलीत ३० जाती निघाल्या. त्यातल्या चारच एकेकदा मिळाल्या आणि चार दोनदोनदा. दुसरीत ६० जाती, पण ४० एकेकदाच मिळालेल्या आणि दहा दोनदोनदा. संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या सूत्रात एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करून त्याला दोनदा सापडलेल्यांच्या दुपटीने भागतात. येणारा आकडा म्हणजे निदान इतक्या जाती अजून हाती लागायच्या आहेत. पहिल्या चौकटीत तो येतो २, दुसरीत ८०. नमुने सारखेच, पण पहिलीचा शोध संपत आलेला आणि दुसरीचा निम्म्यावरही न पोचलेला. नवख्याला कोरी, एकही ठिपका नसलेली चौकट खुणावते. मला ही दुसरी जास्त खुणावते, कारण तिथे काहीतरी आहे हे कळलेलं असतं.

कोऱ्या चौकटीत गफलतीही पुष्कळ. जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘डोंगराच्या पायथ्याशी’ लिहिलेलं असतं. त्याला अक्षांश-रेखांश द्यायचे तरी कुठले? रकाना रिकामा राहून शून्य-शून्य नोंदलं गेलं, तर डोंगरातलं झाड गिनीच्या आखातात, भर समुद्रात जाऊन बसतं. एकाच झाडाच्या फांद्या पाच हर्बेरियमना वाटल्या असतील, तर गोळा करणाऱ्याचा क्रमांक जुळवून त्या एकच धराव्या लागतात. कधी नमुने असतात, पण संगणकात आलेले नसतात. कधी ते उरलेलेच नसतात: बर्लिनच्या हर्बेरियमचा बहुतांश संग्रह १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला.

चिठ्ठीवरची तारीखही बघावी. एखाद्या चौकटीत नमुने भरपूर, पण सगळे कोरड्या महिन्यांतले निघतात, कारण पावसात तिथली वाट बंद होते. पावसाळ्यात चार आठवडे वर येऊन फुलणारी आणि पुन्हा कंदात परतणारी वनस्पती अशा नोंदींत येणार कुठून? ती चौकट नकाशावर भरलेली दिसते, वर्षाच्या हिशेबात मात्र अर्धी रिकामीच असते.

आणि अशा चौकटीकडे नमुने गोळा करायला निघण्याआधी एक काम. २०१० च्या एका अभ्यासानुसार, वर्णन व्हायच्या बाकी असलेल्या सपुष्प वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक बहुधा आधीच गोळा होऊन कपाटांत पडून आहेत. नव्या जातींपैकी जेमतेम १६ टक्के गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत ओळखल्या गेल्या होत्या. काहींनी तर पन्नासहून अधिक वर्षं वाट पाहिली. म्हणून पाठीवर पिशवी टाकण्याआधी त्याच भागातून आलेला, ‘जात अनिश्चित’ म्हणून बांधून ठेवलेला गठ्ठा एकदा सोडून बघायचा.