जट कापली की देवीचा कोप होतो?

‘डोक्यात जट आली म्हणजे यल्लमाचं बोलावणं, कापली तर घर बसतं.’ पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही समजूत साफ खोटी आहे. केस विंचरले-धुतले गेले नाहीत की तेल, घाम, धूळ यांनी चिकटून त्यांचा गुंता होतो, एवढंच. वैद्यकशास्त्रात याला प्लिका पोलोनिका म्हणतात. एकदा गुंता ‘देवीचा’ ठरला की कंगवा लावायची बंदी होते, हळदकुंकू वाहिलं जातं आणि जट वाढतच जाते. आत उवा, वास, जखमा. वजनाने मान अवघडते, धड कुशीवर झोपता येत नाही. याच जटेपायी कित्येक मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील नंदिनी जाधव यांनी अनेक बायकांच्या जटा कापल्या आहेत. कात्रीचं काम थोड्या वेळाचं. भीती मात्र मनात खोल रुतलेली असते. नंतर घरात साधा ताप आला, म्हैस आटली, तरी बाई स्वतःलाच दोष देते. म्हणून समुपदेशन हवंच, कापण्याआधी आणि नंतरही, आणि तेही सासू-नवऱ्यासकट. चांगला समुपदेशक आधी सगळं ऐकून घेतो, मग विचारतो: जट असताना घरात कुणी आजारी पडलंच नव्हतं का? उत्तर बाईचं तिलाच सापडू द्यायचं असतं. तिला हसणं किंवा देवीला नावं ठेवणं हा उपचार नव्हे. तिची भक्ती हवी तर राहू दे, जायला हवी ती भीती. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर न्या.