पुढच्या चाकावरचे ओझे

सामान मागच्या कॅरिअरवरच बांधावे, हँडलवर बॅग घेतली की सायकल डगमगते, असा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. मात्र १८९१ साली सुरू झालेल्या आणि आता सुमारे १२०० किलोमीटरच्या असलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फेरीतले फ्रेंच सायकलस्वार कित्येक दशके पुढच्या छोट्या कॅरिअरवर बॅग ठेवून रात्रंदिवस सायकल चालवत आले आहेत. त्यांना ते जमते, याचे कारण पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) भूमितीत आहे.

हँडलचा दांडा ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतो, तो अक्ष मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवला, तर चाकाचा जमिनीवरचा टेकू त्याच्या किंचित मागे पडतो. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. अक्षाचा कोन ७३ अंश, चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि चाकाचा आस अक्षाच्या ४५ मिलिमीटर पुढे असेल, तर ट्रेल सुमारे ५७ मिलिमीटर भरते. चिमट्याला अधिक बाक देऊन आस ६५ मिलिमीटर पुढे नेला, की ते ३६ वर येते. हँडल वळवले की सायकलचा पुढचा भाग अगदी थोडा खाली बसतो आणि ट्रेल जितके जास्त, तितका तो जास्त बसतो. त्यामुळे पुढे ओझे असेल, तर ते ओझेच चाकाला आणखी वळवू पाहते. चढावर वेग मंदावला, की ही ओढ मनगटांना स्पष्ट जाणवते. फ्रेंच कारागिरांनी ट्रेल कमी ठेवले ते यासाठीच.

दुसरा मुद्दा जडत्वाचा. वळणाला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून अक्षापासून २५ सेंटिमीटरवर पट्ट्यांनी लटकवलेली बॅग १५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या तेवढ्याच वजनाच्या बॅगेपेक्षा पावणेतीन पटींहून अधिक विरोध करते. दिवेघाट उतरताना माझ्या बॅगेचा एक पट्टा सैल झाला, तेव्हा हँडल एकीकडे आणि बॅग क्षणभर मागून दुसरीकडे, असा झोल सुरू झाला होता. बॅगेचा तळ कॅरिअरवर टेकलेला आणि वरची कड हँडलजवळच्या खाचेत घट्ट अडकवलेली असेल, तर हा झोल उद्भवतच नाही.

अर्थात, ‘कमी ट्रेल म्हणजे हमखास स्थिर सायकल’ ही जाहिरातबाजीही खरी मानू नये. चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम रद्द केलेली आणि ट्रेल किंचित उणे असलेली सायकलसुद्धा स्वतःचा तोल सांभाळू शकते, हे २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील प्रयोगाने दाखवून दिले. तिथे वस्तुमानाची वाटणी निर्णायक ठरली होती. बॅग बसवल्यावर पुढचे चाक उचलून हँडल झटकन डावी-उजवीकडे फिरवावे. बॅग हँडलबरोबरच थांबली, तर ती नीट बसली आहे. मागाहून हेलकावली, तर वरची पकड पुन्हा आवळावी.