ग्रॅनाइट व बेसाल्ट

शिलारस (वितळलेला खडक) थिजून बनलेल्या अग्निज खडकांपैकी सर्वांत विपुल असे दोन खडक. खंडांच्या कवचाच्या वरच्या भागात ग्रॅनाइट व त्याच्या जवळचे खडक, तर महासागरांच्या तळाशी बेसाल्ट प्रमुख आहे. ग्रॅनाइट खोलवर सावकाश थिजल्याने भरडकणी, तर बेसाल्ट पृष्ठभागी लवकर निवाल्याने सूक्ष्मकणी असतो. मात्र निवण्याच्या वेगावरून एवढाच फरक कळतो. बेसाल्टाचाच शिलारस खोलवर थिजला तर गॅब्रो बनतो आणि ग्रॅनाइटी रस बाहेर पडला तर रायोलाइट. खरा भेद संघटनाचा व उगमाचा आहे.

ग्रॅनाइटात सिलिका सामान्यतः 70–75% असते. क्वॉर्ट्‌झ, अल्कली फेल्स्पार व प्लॅजिओक्लेज ही त्यातील मुख्य खनिजे असून कृष्णाभ्रक किंवा हॉर्नब्लेंड थोडे असते. विशिष्ट गुरुत्व (वि. गु.) सुमारे 2.65. बेसाल्टात सिलिका 45–52%. कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज, ऑजाइट, लोहाची ऑक्साइडे व पुष्कळदा ऑलिव्हीन असते. वि. गु. 2.8–3.0.

उगम : बेसाल्टाविषयीचा वाद लवकर मिटला. तो समुद्राच्या पाण्यातून साचला, हे जर्मन भूवैज्ञानिक व्हेर्नर यांच्या अनुयायांचे मत होते. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशात फ्रेंच भूवैज्ञानिक देमारे यांनी स्तंभाकार बेसाल्टाचा माग ज्वालामुखीपर्यंत काढल्यावर ते मागे पडले. प्रावरणातील (कवचाखालील थरातील) पेरिडोटाइट हा खडक वर सरकताना त्यावरील दाब घटतो व त्याचा थोडा अंश वितळतो, ही उपपत्ती आता सर्वमान्य आहे.

ग्रॅनाइटाचे तसे नाही. 1785 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे स्कॉटिश भूवैज्ञानिक हटन यांना ग्रॅनाइटाच्या शिरा जुन्या खडकांत घुसलेल्या आढळल्या; त्यावरून तो एके काळी द्रवरूप होता हे दिसले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही भूवैज्ञानिक, घन खडकांतच घटकांची देवघेव होऊन ग्रॅनाइट बनतो, असे मानीत. टटल व बोएन या शास्त्रज्ञांच्या 1958 च्या प्रयोगांनी पारडे शिलारसाकडे झुकवले : बहुतेक ग्रॅनाइटांचे संघटन पाण्याच्या सान्निध्यात सर्वांत कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रणाशी जुळते. बेसाल्टी रसाचे स्फटिकीभवन होत जाऊन अखेरीस ग्रॅनाइटी रस उरतो, हे बोएन यांचे मत तत्त्वतः खरे आहे. परंतु असा शेष रस मूळच्या मानाने फार थोडा असतो. प्रचंड बाथोलिथांना (खोलवर थिजलेल्या अग्निज खडकांच्या विस्तीर्ण राशींना) पुरेल इतका बेसाल्टी अवशेष त्यांच्याबरोबर क्वचितच दिसतो. म्हणून मोठ्या राशींसाठी कवचाचे आंशिक वितळणे ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. त्यासाठी लागणारी उष्णता मात्र पुष्कळदा खालून आलेला बेसाल्टी रसच पुरवतो.

ग्रॅनाइट बहुधा खोलवरच का अडतो, याचे उत्तर पाण्यात आहे. जलयुक्त ग्रॅनाइटी रस 4 किलोबार दाबाखाली सु. 660° से. पर्यंत द्रव राहू शकतो. वर येताना दाब घटून पाणी निसटते, वितळबिंदू चढतो आणि रस वाटेतच गोठतो. उलट जवळजवळ कोरड्या बेसाल्टी रसाचा वितळबिंदू दाब घटला की उतरतो. शिवाय तो 1,100–1,200° से. तापमानाचा व पातळ असल्याने पृष्ठभागापर्यंत पोचतो.

ओळख : हवामानाने कुजलेला थर काढून ताज्या भंगावर भिंग धरावे. काचेसारखी चमक, अनियमित भंग व पाटन (ठराविक सपाट पृष्ठांना धरून फुटणे) नसलेले करडे कण म्हणजे क्वॉर्ट्‌झ. ते सहज दिसले, तर तो बेसाल्ट नव्हे. बेसाल्टाच्या पोकळ्यांत मागाहून भरलेल्या क्वॉर्ट्‌झाने मात्र फसगत होते. सूक्ष्मदर्शकासाठी छेद 0.03 मिमी. जाडीचा घासावा, जाड राहिल्यास ध्रुवित प्रकाशात (छेदित ध्रुवकांमध्ये) क्वॉर्ट्‌झ पिवळसर दिसतो. बांधकामातील ‘काळा ग्रॅनाइट’ बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे संघटनाने बेसाल्टाचा सोयरा.