खुर्चीत बसवत नाही

भास आणि संशयाच्या मानसिक आजारावरच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा झालेला. कानातले आवाज जरा मंदावलेत. पण माणूस घरभर येरझाऱ्या घालतोय, दोन घास खाल्ले की पानावरून उठतोय, रात्री पलंगाच्या कडेवर बसून पाय हलवतोय. घरच्यांना वाटतं, आजार उलटला. दवाखान्यात घाईघाईत तपासणी झाली तर डॉक्टरांनाही तसंच वाटू शकतं आणि डोस वाढतो. मग बसणं आणखीच अवघड.

पण हा आजार नव्हे, गोळ्यांचाच दुष्परिणाम. याचं नाव अकाथिसिया. ग्रीकमध्ये अर्थ सरळ आहे, बसता न येणं. गंमत म्हणजे चेक वैद्य लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी हा शब्द १९०१ साली वापरला, तेव्हा ही औषधं जन्मालाही आली नव्हती. पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. ते फ्रान्समध्ये १९५० साली तयार झालं. नौदलातले सर्जन आंरी लाबोरी ते भुलीच्या जोडीला वापरत होते. रुग्ण विलक्षण निवांत होतात हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसमधल्या सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं.

ते काम कसं करतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन; ते पेशीवरच्या ज्या जागांवर बसतं त्या म्हणजे रिसेप्टर. ही औषधं त्यातल्या डी-२ नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि डोपामिनला जागा मिळत नाही. पण डोपामिनच्या वाटा अनेक. भास आणि संशय यांच्याशी जोडलेली एक, हालचाली सांभाळणारी दुसरी, प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनला आवर घालणारी तिसरी. गोळीला पत्ता वाचता येत नाही. म्हणून हात थरथरतात, चेहरा निर्विकार होतो, कधी मान अचानक आखडते. पाळी थांबते, गरोदर नसताना स्तनातून दूध येतं. ही शेवटची तक्रार संकोचापोटी बहुतेकदा सांगितलीच जात नाही. मेंदूच्या पेट स्कॅनमधून दिसलं की साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास शरीर आखडायला लागतं. मधली जागा तेवढीच.

नव्या औषधांनी ताठरपणा कमी केला, पण ओलॅन्झापिनसारख्यांनी वजन आणि साखर वाढवली. क्लोझापिनची कथा वेगळीच. १९७५ साली फिनलंडमध्ये त्याने काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, मृत्यू झाले आणि अनेक देशांनी ते मागे घेतलं. १९८८ च्या अमेरिकी अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते गुणकारी ठरलं, तेव्हा ते नियमित रक्ततपासणीच्या अटीवर परतलं. रक्तपेशी घसरण्याची भीती सगळ्यांना ठाऊक असते. त्याच औषधाने होणारी बद्धकोष्ठता मात्र किरकोळ समजली जाते, आणि तीही जीवघेणी ठरू शकते.

अकाथिसियावर उपाय आहेत: डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉल या दुसऱ्या औषधाची जोड देणं. गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर आजार उसळू शकतो, म्हणून हे ठरवायचं डॉक्टरांनी. त्यासाठी त्यांना ‘बेचैन आहे’ एवढंच सांगून भागत नाही. येरझाऱ्या कोणत्या गोळीनंतर, किती दिवसांनी सुरू झाल्या, ते सांगावं लागतं.