८६ टक्के एकमत, तरी निकाल कच्चा

नवा सिनेमा आला की 'बेक्डेल चाचणी पास' असा शिक्का फिरू लागतो. सिनेमात दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर, एवढीच ही चाचणी. अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांनी १९८५ साली एका कॉमिक स्ट्रिपमध्ये मारलेला तो टोमणा होता. शेकडो सिनेमांचा कल बघायला ठीक. एकाच सिनेमाची त्यावर कुंडली मांडणं म्हणजे भविष्य सांगण्यातलाच प्रकार.

पडद्यावर अल्पसंख्य गटातली माणसं किती दिसतात हे बघायला अभ्यासक एकेक पात्र मोजतात, आणि तिथेच घोडं अडतं. हॉस्पिटलच्या दृश्यात एक नर्स 'डॉक्टर आले' म्हणते नि निघून जाते. नाव कळत नाही, चेहरा अर्धा सावलीत. ती अल्पसंख्य गटातली का? म्हणून एकच सिनेमा दोघं जण स्वतंत्रपणे बघतात आणि मग उत्तरं ताडून पाहतात.

समजा, १०० पात्रं आहेत. दोघांनीही प्रत्येकी १० पात्रांपुढे 'अल्पसंख्य' अशी खूण केली आणि ८६ उत्तरं जुळली. झकास! पण दोघांनी सिनेमा न बघताच, डोळे मिटून तेवढ्याच खुणा केल्या असत्या तर? 'नाही' जुळण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१, 'हो' जुळण्याची ०.१ × ०.१ = ०.०१. म्हणजे ८२ उत्तरं नुसत्या योगायोगाने जुळतात!

मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये यावर 'कापा' (kappa) हा निर्देशांक काढला. एकमतातून योगायोग वजा करायचा आणि योगायोग सोडून जेवढी जागा उरते तिने भागायचं: (०.८६ − ०.८२) ÷ (१ − ०.८२) = ०.२२. पूर्ण एकमत म्हणजे १, निव्वळ अंदाजपंचे म्हणजे ०. तोच गट निम्मा असता, तर त्याच ८६ उत्तरांवर कापा ०.७२ आला असता. आमच्या उदाहरणात दोघांचं 'हो' फक्त ३ पात्रांवर जुळलंय. उरलेली ८३ जुळणी बहुसंख्यांच्या गर्दीतली. गट जितका लहान, तितकी नुसती टक्केवारी फसवी.

'एआय मोजेल की' म्हणणाऱ्यांसाठी: जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत!

ऑस्करवाल्यांनी २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी प्रतिनिधित्वाच्या चारपैकी दोन निकषांची अट घातली. त्यातला पडद्याशी संबंध असलेला एकच. बाकीचे तीन पडद्यामागची मंडळी, शिकाऊ उमेदवारांना संधी आणि प्रसिद्धी-वितरणातली माणसं यांच्याबद्दल आहेत. त्यामुळे पडद्यावर अल्पसंख्य चेहरा औषधालाही नसलेला सिनेमा या अटीतून सुखरूप पार पडू शकतो.